हत्यारावरचे नाव



काल ह्याच व्यासपीठावरून उपनिषदांवर व्याख्यान झाले, उद्या राज्यघटनेवर व्हावयाचे आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये मी हातोडी, पक्कड व पटाशी घेऊन उभा आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "हत्यारांच्या निरनिराळ्या छापांची तुलना." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे दुकानदारीच की!" दुकानदारी तर खरीच. पण तीस वर्षे मुलांच्या हातात हत्यारे देण्यात घालविलेल्या माणसाजवळ दुसरे सांगण्यासारखे काय असणार?

बोहरी आळीत जाऊन तुम्ही पक्कड मागा. दुकानदार एक पक्कड शंभराच्या आतली दाखवील, एक तीनशेच्या आसपासची. आणि तुमच्या अंगावरचे कपडे बरे असले तर परदेशी, दोन हजारांच्या पुढची, काचेच्या कपाटातून काढील. तिन्हींना दोन दांडे, दोन जबडे आणि मध्ये एक खिळा. मग हा फरक कशाचा? पोलादाचा, कारागिरीचा, की नुसत्या नावाचा? बहुतेक लोक म्हणतात नावाचा, आणि स्वस्तातली घेऊन घरी येतात. काहीजण म्हणतात महाग ते चांगले, आणि काचेच्या कपाटातली घेतात. दोघांचाही पक्कड पाहण्याशी फारसा संबंध आलेला नसतो.

हत्याराला नाव मुळात आले कोठून, हे पाहू. आपल्या गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ त्याच्याच भात्यापाशी घडे. त्यावर कोणतेही नाव नसे. ऐन सुगीत विळ्याची धार वळली तर शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा. आणि बलुते मागावयाला लोहाराला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर जावे लागे. त्याचे तोंड हीच त्याची छाप. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गावात दुसरा लोहार नसे, म्हणून वाईट विळाही निमूटपणे वापरावा लागे. पण जबाबदार कोण, हा प्रश्न पडत नसे. तो पडला घडविणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये शेकडो कोस आले तेव्हा. त्या अंतरावर लोहाराचे तोंड जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्याऐवजी नाव जाऊ लागले.

ह्या नावांचे एक जुने आणि शिस्तीचे घर म्हणजे इंग्लंडातील शेफील्ड. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथे चाकू-कात्री करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. प्रत्येक कारागिराची खूण संघाच्या दप्तरी नोंदलेली असे. दुसऱ्याची खूण उठविणे हा गुन्हा होता. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन ह्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून एकसारखे करण्याची रीत बसविली. त्याला घड्याळाच्या कमानी चांगल्या हव्या होत्या, एवढेच. पण त्याच्या पोलादाने शेफील्डचे नाव जगभर गेले. रॉजर्स कंपनीच्या पात्यावरील तारा आणि क्रूस ही खूण १७६४ पासूनची. जिथे इंग्रजी अक्षर कुणाला वाचता येत नसे तिथेही अशी खूण ओळखता येई.

आणि नाव मोठे झाले की नावाची चोरी सुरू होते. जर्मनीतील सोलिंगेन हे गाव तलवारी-चाकूंसाठी शेफील्डइतकेच जुने. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कित्येक कारखानदारांनी हलक्या लोखंडाच्या सुऱ्या-कात्र्यांवर शेफील्डची नावे ठोकून त्या इंग्लंडात आणि वसाहतींत विकावयाला सुरुवात केली. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेलेल्या फ्रान्झ रूलो ह्या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने स्वतःच लिहून टाकले की आपल्या देशाचा माल स्वस्त खरा, पण वाईट. स्वदेशात त्याच्यावर केवढे काहूर उठले! शेवटी शेफील्डकरांच्या ओरडीमुळे इंग्लंडने १८८७ साली व्यापारी खुणांचा कायदा केला आणि परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले. हेतू असा की, 'मेड इन जर्मनी' हे शब्द वाचून इंग्रज गिऱ्हाईक माल खाली ठेवील.

झाले उलटेच. जर्मन कारखानदाराला दुसऱ्याच्या नावामागे लपता येईना, तेव्हा त्याला स्वतःच्या नावाची लाज राखावी लागली. पोलाद सुधारले, यंत्रे सुधारली, तांत्रिक शिक्षण त्यांच्याकडे आधीपासून होतेच. अवघ्या काही वर्षांत तेच तीन शब्द चांगल्या मालाची खूण होऊन बसले. पुढे १९३८ साली सोलिंगेनने स्वतःच्या नावाच्या रक्षणासाठी कायदा करून घेतला! वुपर्टालची क्निपेक्स ही पकडीची कंपनी १८८२ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. ती दोन हजारांची पक्कड काचेच्या कपाटात कशी आली, त्याचा हा पूर्वेतिहास.

तेव्हा नाव म्हणजे जामीन. पण जामीन मरतो, किंवा जामिनकीच विकली जाते. फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टनने १८४० साली करवतींचा कारखाना काढला, पुढे स्वतःचे पोलादही ओतले. त्याच्या घराण्याने तो १९५५ साली विकला. नाव तेच राहिले. पण सुतारकामाचे शौकीन आजही जुन्या बाजारात डिस्टनची करवत उचलताना ती १९५५ च्या अलीकडची की पलीकडची, हे मुठीच्या खिळ्यावरील पदकावरून पाहतात. अमेरिकेतील 'क्राफ्ट्समन' ह्या छापेची गोष्ट आणखी गमतीची. १९२७ पासून सीअर्स ही दुकानदार कंपनी ती छाप विकत असे. ती स्वतः पाने घडवीत नसे, दुसऱ्यांकडून करवून घेई. पण पाना मोडला तर कधीही घेऊन या, बदलून देऊ, असा तिचा शब्द होता आणि तो ती पाळी. २०१७ साली ती छाप स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर कंपनीने विकत घेतली, टेक्सासमध्ये तिच्यासाठी नवा कारखाना उभारला आणि २०२३ साली तो बंद करण्याचे जाहीर केले. ह्या सगळ्या उलाढालीत पान्यावरचे नाव मात्र बदलले नाही.

आपल्याकडे वळू. जर्मनीतील रेमशाइड येथील डोविडाट बंधूंच्या नावाच्या आद्याक्षरांपासून झालेला 'गेडोर' हा शब्द आपल्या जुन्या मोटारमेकॅनिकांच्या तोंडी अजून आहे, कारण ते पाने जर्मन सहकार्याने फरीदाबादला होऊ लागले. नाशिकला तापडियांचा कारखाना १९६९ साली स्वीडिश तांत्रिक सहकार्याने सुरू झाला, आणि आज खेड्यातल्या वायरमनच्या पिशवीतही ती पक्कड सापडते. माझ्या मते ह्या देशात पैशाच्या मानाने पुरेपूर काम देणारी जी थोडी हत्यारे आहेत त्यांत तिची गणना करावी लागेल. पक्कड परदेशी पकडीइतकी मऊ चालत नाही, जाड तार तोडताना हाताला जोर जास्त लागतो, हे मान्य. पण फरक सात पटींचा नाही. दिवसभर तारा तोडणाऱ्याला तो मनगटात जाणवतो, तुम्हांआम्हांला नाही. फावडी, कुदळी, टिकाव यांत जमशेदपूरच्या टाटांची 'ॲग्रिको' छाप तशीच विश्वासाची. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर येथे तर हत्यारांच्या भट्ट्यांचे मोहल्लेच आहेत. तेथे उत्तम माल होतो, तसाच वाईटही, आणि कित्येकदा एकाच भट्टीतून तीन नावांचा माल बाहेर पडतो.

मग निवड कशी करावयाची? येथे मला एक भेद सांगावयाचा आहे, आणि तो समजावा म्हणूनच मी एवढी पाल्हाळ लावली. स्वस्त हत्यार दोन प्रकारांनी स्वस्त होते. पहिला प्रकार असा की कारखानदाराने काम अर्धवट सोडलेले असते. लोखंडी रंध्याचेच घ्या. लेनर्ड बेलीने बसविलेला आणि १८६९ पासून स्टॅन्लीने विकलेला तो नमुना आज जगभर नकलून होतो. स्वस्त रंध्याचा तळ सपाट नसतो, पात्याची पाठ घासलेली नसते, मुठीला कंगोरे असतात. पण एक रविवार खर्च करा, काचेवर पॉलिश-कागद ठेवून तळ घासा, पाते सहाणेवर सपाट करा. तोच रंधा महागड्याच्या जवळपास येतो. तुम्ही वाचविलेले पैसे म्हणजे त्या रविवारची मजुरी. विद्यार्थ्याने असे हत्यार जरूर घ्यावे. त्यात त्याचे शिक्षणही होते. रोजंदारीवरच्या सुताराने घेऊ नये.

दुसरा प्रकार पोलादाच्या पोटातला. हत्याराचे पोलाद लाल करून पाण्यात वा तेलात बुडविले की ते कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून उतरवावे लागते. घासलेल्या पोलादावर गवती पिवळा रंग चढला म्हणजे सुमारे २३० अंश, निळा चढला म्हणजे ३०० च्या आसपास. पटाशी पिवळ्यावर थांबवावी, ज्याला हिसके सोसावयाचे ते निळ्याकडे न्यावे. आपले लोक ह्या सगळ्याला 'पाणी देणे' एवढेच म्हणतात. ह्या दुसऱ्या तापविण्याला वेळ लागतो, जळण लागते, आणि ते केले की नाही हे वरून दिसत नाही. म्हणून लबाडी नेमकी येथेच होते. वर क्रोमचा मुलामा चढविला की संपले! ही उणीव कितीही रविवार घासून भरून निघत नाही.

मला हे पुस्तकात वाचून कळलेले नाही. १९८८ साली मी एका तांत्रिक शाळेत निदेशक होतो. दोन डझन छिन्न्या घ्यावयाच्या होत्या. तीन निविदा आल्या. नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराची मंजूर झाली आणि माल तपासून घेतल्याची सही माझी होती. छिन्न्यांवर एका प्रसिद्ध छापेशी एका अक्षराने चुकणारे नाव होते. ते मी पाहिले, हसलो, आणि सही केली. छिन्नीची धार कठीण आणि डोके मऊ ठेवावयाचे असते, कारण डोक्यावर हातोडा बसतो. ह्या छिन्न्या टोकापासून डोक्यापर्यंत सरसकट बुडविलेल्या होत्या आणि उतरविलेल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी डोक्याचा तांदळाएवढा कपचा उडून एका मुलाच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा राहिला, दृष्टी अर्धी गेली. चौकशीत पुरवठादाराकडे बोट दाखविता आले नाही. माल नमुन्याबरहुकूम होता, कारण नमुन्यात कठीणपणाचा उल्लेखच नव्हता. त्या वेळी आमच्या मुलांच्या डोळ्यांवर चष्मेही नव्हते. ती चूकही आमचीच. तीन निविदांतील फरक छिन्नीमागे चार रुपयांचा होता.

तेव्हापासून मी खिशात एक जुनी बारीक कानस बाळगतो. दुकानदार भला असेल तर परवानगी देतो. पटाशीच्या पात्याच्या कडेवर, धारेच्या जवळ, कानस हलकेच ओढा. ती घसरली तर पोलाद कठीण, चावली तर मऊ. छिन्नीच्या डोक्यावर मात्र ती चावलीच पाहिजे. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. तोडण्याच्या धारांतून उजेड दिसता कामा नये, टोकापाशी मात्र जबडे मिळालेले हवेत. पाना नव्या बोल्टावर घालून हलवा. खुळखुळला तर महिन्याभरात तो बोल्टाचे कोपरे खाणार. हातोडीचा दांडा डोक्याकडून डोळ्यासमोर धरून रेषा पाहा. त्या दांड्याच्या लांबीने शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत. ठिसूळपणा मात्र ह्यांतल्या कोणत्याही उपायाने कळत नाही. कानस कठीणपणा सांगते, चिवटपणा सांगत नाही. तेथे आपल्याला नावावरच टेकावे लागते. अथवा मानक संस्थेच्या शिक्क्यावर. तो शिक्का उत्तमपणाची ग्वाही देत नाही, किमानपणाची देतो; पण त्या मुलाच्या डोळ्याला तेवढी किमान गोष्ट पुरली असती.

म्हणून माझा हिशेब असा. ज्या हत्यारावर घाव बसतो किंवा ज्याच्यावर अंगाचा भार टाकावयाचा असतो, म्हणजे हातोडी, छिन्नी, पाना, तेथे जबाबदार नावाचेच घ्यावे आणि त्या नावाची दुकानदाराकडून पावती घ्यावी. कारण आता नाशिकच्या पकडीच्याही नकला निघतात. जे घासून सुधारता येते, म्हणजे रंधा, पटाशी, गुण्या, त्यांत पोलाद तपासून स्वस्त घेण्याला हरकत नाही. वर्षातून दोनदा लागणारा स्क्रूड्रायव्हर कोणताही चालेल. त्यावर व्याख्यान देण्याची गरज नाही. आणि घिसाड्याच्या पालावरचा कोयता बिननावाचा म्हणून टाकून देऊ नका. तो बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचा असतो, पोलाद अस्सल असते. पाणी कसे दिले आहे ते त्याला समोरच विचारता येते, आणि तो सांगतोही.

व्याख्यानानंतर प्रश्नांना वेळ आहे असे अध्यक्षांनी सांगितले आहे. येथे टेबलावर मी चार पटाश्या ठेवल्या आहेत. त्यांच्यावरची नावे चिकटपट्टीने झाकलेली आहेत. शेजारी कानस आहे. ज्यांना वाटेल त्यांनी पुढे यावे, ओढून पाहावे आणि कोणती किती रुपयांची ते सांगावे. चिकटपट्ट्या आपण शेवटी काढू.