रेआल, युरो आणि भीमाकाठचा ऊस



ब्राझीलचे चलन रेआल आणि युरोपचे युरो, यांच्या विनिमयदराचा इतिहास हा दौंड-शिरूरच्या व्यासपीठावरचा विषय आहे का, अशी शंका कुणाच्याही मनात येईल. माझे म्हणणे असे, की पाटसच्या भीमा कारखान्याच्या किंवा न्हावऱ्याच्या घोडगंगेच्या सभासदाला आपल्या उसाच्या दराचा माग काढायचा असेल, तर पुणे-मुंबई-दिल्लीवर थांबून चालणार नाही. साओ पावलोपर्यंत जावे लागेल. ब्राझील हा जगातला सर्वांत मोठा साखर निर्यातदार आहे. तिथला कारखानदार साखर विकतो डॉलरात, पण ऊसतोड, मजुरी आणि बरीचशी देणी भागवतो रेआलमध्ये. रेआल पडला की त्याच डॉलरचे त्याला जास्त रेआल मिळतात. म्हणून जगात भाव उतरले तरी तो विकत राहतो, आणि तो विकत राहिला की भाव आणखी उतरतात.

रेआल जन्माला आला १ जुलै १९९४ रोजी. त्याआधी महागाईने ब्राझीलमध्ये एकामागून एक चलने बुडवली होती, म्हणून नवे चलन सरकारने डॉलरच्या जवळपास बांधून ठेवले. युरोचा व्यवहार १ जानेवारी १९९९ला सुरू झाला, तेव्हा एका युरोला दीड रेआलसुद्धा पडत नव्हते. पण १५ जानेवारीला ब्राझीलने रेआल बाजाराच्या हवाली केला आणि महिनाअखेरीस युरो दोन रेआलच्या वर गेला. त्याच वसंतात न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला ५ सेंटच्याही खाली आली. साठे आधीच तुंबले होते हे खरे, पण त्या भावात ज्याने हात आखडता घ्यायचा, त्या ब्राझीललाच तो घेण्याची गरज उरली नव्हती.

नेमका हिशेब पाहायचा तर २०११ आणि २०१५ ही दोन वर्षे शेजारी ठेवावीत. फेब्रुवारी २०११मध्ये कच्ची साखर पौंडाला ३० सेंटच्या आसपास होती, म्हणजे किलोला ६६ सेंट. तेव्हाच्या दराने ब्राझीलच्या कारखान्याला किलोमागे सुमारे १ रेआल १० सेंटाव्हो मिळत, आणि आपल्या चलनात तीच किंमत ३० रुपये होई. ऑगस्ट २०१५मध्ये भाव किलोला साधारण २३ सेंटवर आला. ब्राझीलच्या हातात तरीही ८० सेंटाव्हो पडत होते. आपल्या हिशेबात ३० रुपयांचे १५ झाले. त्याची कमाई पावपट घटली, आपली निम्मी झाली. याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला १३९ रुपयांवरून २२० वर गेली होती. कायद्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे, आणि गोदामातली साखर विकली जात नाही. २०१५च्या उन्हाळ्यात देशभरात थकलेली ऊसबिले याच कात्रीतून निघाली.

यावर पहिला आक्षेप असा, की साखरेचा सौदा डॉलरात होतो, मग युरो मध्ये कशाला? तो आणायचा कारण त्या वर्षांत डॉलरच सगळ्यांवर चढला होता. फक्त डॉलरकडे पाहिले तर रुपयाही पडला, रेआलही पडला, एवढेच दिसते. युरोच्या मापाने पाहा: फेब्रुवारी २०११मध्ये एका युरोला ६२ रुपये पडत, ऑगस्ट २०१५मध्ये ७२च्या आसपास, म्हणजे वाढ सहाव्या हिश्शाची. रेआल मात्र सव्वादोनवरून चारच्या घरात गेला, म्हणजे वाढ जवळजवळ पाऊणपट. आपल्याला जड गेली ती ही तफावत. युरोपच्या बीट शेतकऱ्यालाही ती चुकली नाही. ३० सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय संघाचा साखर कोटा उठला, जगाचा भाव थेट दारात आला, आणि फ्रान्स-जर्मनीतले काही कारखाने बंद करावे लागले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपली बहुतेक साखर देशातच खपते, आयातीवर जबर शुल्क आहे, २०१९पासून किमान विक्री दर किलोला ३१ रुपये आहे. मग ब्राझीलचा संबंध काय? संबंध शिलकी साखरेचा. खपून उरलेली साखर बाहेर गेली नाही तर ती घरचाच भाव पाडते, आणि बाहेरचा भाव ठरवण्यात ब्राझीलचा वाटा सर्वांत मोठा. त्या भावाला साखर घालवण्यासाठी सरकारने निर्यातीला अनुदान दिले, तेव्हा ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने २०१९मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, आणि डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या पॅनेलचा निकाल भारताविरुद्ध गेला. तो मार्गही आता निर्धोक नाही.

तिसरा आक्षेप मी अंशतः मान्य करतो. रेआल पडला म्हणून साखर पडतेच असे नाही. २०२४च्या अखेरीस डॉलरला सहा रेआलच्या वर पडत होते, तरी साखर २०१५च्या भावाला आली नाही. पाऊस, साठे, इथेनॉलचा भाव यांचाही जोर असतो. ब्राझीलचा कारखाना त्याच उसाची साखर करायची की इथेनॉल, हे प्रमाण हंगाम चालू असतानाही बदलू शकतो. पण म्हणूनच रेआलचा दर उपयोगाचा: भाव कोसळल्यावर ब्राझील विक्री थांबवेल की नाही, हे त्यावरून आधी कळते.

दौंडच्या शेतकऱ्यापुढे कारखाना नाही तर गुऱ्हाळ, एवढा पर्याय आहे. कारखान्यापुढे साखर नाही तर इथेनॉल. दोन्ही निर्णय गाळपाआधी घ्यायचे असतात. वार्षिक सभेच्या अहवालात उतारा, गाळप आणि कर्जाचे आकडे छापले जातात. त्यांच्याच रांगेत रेआलचा रुपयाशी आणि युरोशी असलेला दर, गेल्या पाच हंगामांचा, छापायला एक ओळ पुरेल. पहिली उचल किती द्यायची यावर सभेत वाद होतो तेव्हा संचालक आणि सभासद दोघांनीही ती ओळ वाचलेली असावी, एवढीच माझी मागणी आहे.