चंचल बालक आणि वर्तनोपचार



जवळजवळ प्रत्येक शाळेत एखादा तरी असा विद्यार्थी असतो की, ज्याचे नाव वर्गात सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाते, आणि तेही बहुधा रागावण्यासाठीच. तो बाकावर स्थिर बसत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो, गृहपाठ अर्धवट टाकतो, कंपासपेटी वरचेवर हरवतो. घरी त्यास द्वाड म्हणतात, शाळेत बेशिस्त. बोलणी बसतात, अंगठे धरायला लावले जाते. तरीही वागण्यात फरक पडत नाही. अशा मुलांपैकी काहींच्या बाबतीत हा हट्ट किंवा आळस नसून अवधानाचा विकार असतो, ही गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

हा विकार नवा नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी सामान्य असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली त्यास अवधान-न्यूनता विकार असे नाव दिले आणि १९८७ साली त्या नावात अतिचंचलतेचाही समावेश केला. आज तो एडीएचडी या संक्षिप्त नावाने ओळखला जातो.

तथापि, प्रत्येक खोडकर मूल या विकाराने ग्रस्त असते असे नाही. लक्षणे निदान ६ महिने टिकलेली असावी लागतात. ती वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. शिवाय त्यांमुळे अभ्यासात अथवा परस्परसंबंधांत अडथळा येत असला पाहिजे. उलटपक्षी, काही मुले, विशेषतः मुली, मुळीच दंगा करीत नाहीत. केवळ त्यांचे चित्त ठिकाणावर नसते. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. यास्तव निदान तज्ज्ञाकडूनच व्हावे.

या मुलांसाठी वर्तनोपचार ही उपयुक्त पद्धती आहे. तिचे तत्त्व साधे आहे. एखाद्या वर्तनाच्या पाठोपाठ जे फळ मिळते, त्यावर ते वर्तन पुन्हा घडणे अवलंबून असते. 'वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळव, सायकल घेऊ' हे आश्वासन इतर मुलांना पुरते. पण या मुलांवर दूरच्या फळाचा प्रभाव कमी पडतो. त्यांना फळ लगेच, वारंवार आणि स्पष्ट दिसावे लागते. ते देणे मोठ्यांच्या हाती असल्यामुळे या उपचारातील पहिले विद्यार्थी पालक व शिक्षक हेच होत.

समजा, तिसरीतील एक मुलगा गणिताच्या तासाला सतत उठतो. 'नीट वाग' ही सूचना त्याच्या उपयोगाची नाही. 'ही पाच गणिते होईपर्यंत जागेवर बस' अशी एकच, लहान सूचना जवळ जाऊन द्यावी. ती पाळताच नेमक्या शब्दांत शाबासकी द्यावी आणि तक्त्यावर एक तारा काढावा. ठराविक तारे जमले की आवडता खेळ किंवा गोष्ट मिळावी. शाळेच्या दैनंदिनीत रोज दोनतीन ठरलेल्या गोष्टींपुढे शिक्षकांनी खूण करावी आणि त्याच संध्याकाळी घरी तिचे फळ मिळावे. नियम मोडल्यास न रागावता ठरलेली सवलत तेवढ्यापुरती काढून घ्यावी.

किरकोळ चुळबुळीकडे दुर्लक्ष करावे. मात्र तसे केल्यास ती प्रथम काही दिवस वाढण्याचाही संभव असतो. त्या वेळी मोठ्यांनी माघार घेतली, तर अधिक हट्ट केल्यास मोठी माणसे नमतात एवढेच मूल शिकते. म्हणून आई, वडील, आजी-आजोबा आणि शिक्षक या सर्वांचा नियम एकच असावा.

या उपचाराच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. मूळ लक्षणे कमी करण्यात काटेकोर देखरेखीखाली दिलेले औषध एकट्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. परंतु दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, ६ वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालकांना वर्तन हाताळण्याचे शिक्षण द्यावे. त्यापुढील वयात औषध आणि वर्तनोपचार यांची सांगड घालावी. औषध सुरू करणे वा थांबवणे हे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

महाराष्ट्रातील पालकांसाठी मार्ग उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत या विकाराचाही समावेश आहे. अंगणवाडी व शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाला शिक्षकांनी आपली निरीक्षणे सांगावीत. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे, याचेही स्मरण ठेवावे.

दिवसभर बोलणी खाणारे मूल हळूहळू स्वतःला वाईट समजू लागते, आणि पुढे शाळाच सोडण्याचा धोका निर्माण होतो. ते टाळण्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. एक वही, एक तक्ता आणि रोज ठरल्या वेळी दिलेली शाबासकी एवढ्यावर प्रारंभ करता येतो. या आठवड्यात मुलाच्या एकाच सवयीची निवड करावी, ती दिवसातून किती वेळा घडते ते लिहून ठेवावे, आणि ते मूल जेव्हा जेव्हा नीट वागते, तेव्हा तेव्हा ते आपल्या लक्षात आले आहे हे त्यास आवर्जून सांगावे.