जुना संगणक, नवी प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि अनेक घरांतील धडधाकट संगणक अडगळींत जाऊं लागले. लिनक्सच्या आश्रयानें ते आणखी कांहीं वर्षें सहज कामीं येतील. मात्र नवी प्रणाली बसवितांच कधीं कधीं वाय-फाय मूक होतें. तेवढ्यानें यंत्र बिघडलें असें समजूं नये. बहुधा त्या चिपला लागणारें फर्मवेअरच प्रणालींत नसतें. डेबियननें तें २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून स्थापना-संचांतच दिलें आहे. म्हणून प्रथम प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, ध्वनि, छपाई तपासावी. आंत बसविलेल्या कोणत्या भागास कोणता ड्रायव्हर लाभला, तें ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा सांगते. डिस्क मात्र सर्वांत शेवटीं, आणि कागदपत्रांची प्रत काढूनच, पुसावी.