जानेवारीत लावलेली काकडी
(ग्रामसंघाच्या बैठकीत केलेलं बोलणं)

मार्चमध्ये काकडी, दोडक्याला भाव असतो, म्हणून आपण जानेवारीतच वेल लावतो. पण आपल्या निफाडकडं तेव्हा पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. एका रात्रीत कोवळी पानं काळी पडतात, अन् गटातून उचललेल्या कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

आभाळ निरभ्र अन् वारा पडलेला, ती रात्र धोक्याची. त्या संध्याकाळी विहिरीचं हलकं पाणी द्या. लाइट रात्रीचीच असली तर पहाटेही चालतं. ओली माती ऊब धरून ठेवते, सावकाश सोडते. तुडुंब मात्र भरू नका, मुळं कुजतात.

मग झाकण. बांबूच्या कामट्या वाकवून वर जुनं लुगडं नाहीतर क्रॉप कव्हर टाका. लुगड्याला पैसा लागत नाही, म्हणून आधी तेच सांगते. कडा मातीत दाबा. प्लास्टिक असेल तर पानाला टेकू देऊ नका, टेकलं तिथंच पान करपतं. अन् ऊन वर आलं की झाकण काढायचं, नाहीतर आत उकडून रोपं जातात.

पहाटे ओल्या पाल्याचा धूर करतात, तोही करा. पण वारा सुटला की धूर उडतो, नुसत्या धुरावर भिस्त नको.

पानं करपली तरी वेल लगेच उपटू नका. शेंडा जिवंत असेल तर नवी फूट येते.