मूळ ठेव आणि तिचे उत्पन्न

(महाजनांच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



माझी सारी नोकरी जमाखर्चाच्या वह्यांवर गेली. त्यामुळे कोणताही मोठा विषय मला ताळेबंदाच्या रूपानेच उमगतो. आज आपणांपुढे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचा ताळेबंद मांडण्याची अनुज्ञा असावी. जिल्हा दूरचा खरा. परंतु म्हादईचा वाद लवादापर्यंत गेलेला पाहिलेल्या गोमंतकीयांना दोन राज्यांमधल्या नदीचा प्रश्न परका नाही.

पैनगंगेच्या एका तीरावर यवतमाळ, दुसऱ्या तीरावर आदिलाबाद. राजुरा आणि किनवट हे भाग १९५६ पर्यंत आदिलाबादेतच होते. राज्यपुनर्रचनेने सीमा बदलली, तरी कापसाचा बाजार आणि सोयरिकी तुटल्या नाहीत. पुढे २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्यसीमेवरील विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी, २३ ऑगस्ट २०१६ रोजी, दोन्ही राज्यांनी मुंबईत पाण्याचा करार केला. पैनगंगेवरील चनाखा-कोरटा बंधारा त्यातलाच. कोरड्या शेतीला पाणी मिळावे आणि ते भांडणावाचून वाटून घ्यावे, ही रीत स्तुत्यच होय. ही झाली जमेची बाजू.

आता वहीचे दुसरे पान पाहू. उत्तरेस टिपेश्वरचे अभयारण्य, दक्षिणेस २०१२ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालेले कावल. गळ्यात पट्टा बांधलेला टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला. आदिलाबादचा मुलूख तुडवून तो अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. नऊ महिन्यांत तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला. व्यापाऱ्याला जसा हा एकच बाजार, तसे वाघाला हे एकच रान आहे. रस्ता, कालवा, शेत यांनी ते तुटत गेले, तर तो खर्च कोणत्या वहीत मांडायचा?

म्हणून बाजार बंद करावा, असे मी म्हणत नाही. आदिलाबादवरून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावरच, नागपूर आणि शिवनी यांच्या दरम्यान पेंचच्या रानात, जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवल्या आहेत. वाघ त्यांतून जाताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत. खर्च आधीच धरला की सोय होते.

परंतु रक्षणही एकतर्फी चालत नाही. कावल आणि ताडोबा यांना जोडणारे आसिफाबादचे रान २०२५ च्या मे महिन्यात राखीव जाहीर झाले. विस्थापनाच्या भीतीने आदिवासींनी विरोध केला आणि जुलैत तो आदेश स्थगित झाला. हे आसिफाबाद पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातलेच. ‘जल, जंगल, जमीन’ या मागणीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते कोमराम भीम १९४० साली याच मुलखात धारातीर्थी पडले. तेथील गोंडांना विश्वासात न घेता रान कसे राखता येईल?

बंधुभगिनींनो, उत्सव उत्पन्नातून करावा, मूळ ठेवीला हात लावू नये, आणि लावणे भागच पडले तर आधी महाजनांची सभा बोलवावी, ही शिस्त आपल्या अंगवळणी आहे. नदी आणि रान ही मूळ ठेव. तीरावरचा शेतकरी आणि रानातला गोंड हे तिचे महाजन. त्यांच्या सभेवाचून ना बंधारा व्हावा, ना अभयारण्य. आपल्या देवस्थानच्या तळीचा आणि राईचा विषय सभेपुढे येईल, तेव्हा आपणही हाच नियम पाळावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.