न जन्मलेल्या युद्धनौका

१९२२ सालच्या मार्च महिन्याच्या ८ व्या तारखेस वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या आरमार खात्यांत एक छायाचित्र घेण्यांत आलें. डेव्हिड टेलर आणि जॉन रॉबिसन हे दोन रिअर ॲडमिरल त्यांत दोन लहान जहाजें दाखवीत उभे आहेत. एक म्हणजे ‘लेक्झिंग्टन’ या आठ तोफांच्या बॅटलक्रूझरची प्रतिकृति. दुसरें, त्याच सांगाड्यावर विमानवाहू जहाज उभारलें तर तें कसें दिसेल, याचा नमुना. पहिलें त्या रूपानें कधींच समुद्रावर गेलें नाहीं. दुसरें १९२७ सालीं आरमारांत दाखल झालें. एका राष्ट्राच्या धोरणांतील पालट या दोन लहानशा वस्तूंत सामावला होता.

असल्या प्रतिकृति केवळ शोभेसाठीं नसत. विल्यम फ्राउड या इंग्रज एंजिनियरानें १८७२ सालापासून टॉर्की येथें एका लांबट हौदांत मेणाचे नमुने ओढून पाण्याचा विरोध मोजण्यास आरंभ केला. त्याचा नियम सोपा आहे. नमुन्याची लांबी जहाजाच्या १/४९ असेल, तर त्यास जहाजाच्या १/७ वेगानें ओढावें. म्हणजे दोहोंभोंवतीं उठणाऱ्या लाटा सारख्याच घाटाच्या होतात. घर्षणाचा हिशेब तेवढा निराळा मांडावा लागतो. पोलादाचा एक पत्राही कापण्यापूर्वीं एंजिनांस किती बळ लागेल, हें त्यामुळें कळूं लागलें.

पहिलें महायुद्ध संपलें, तरी इंग्लंड, अमेरिका आणि जपान यांच्यांतील आरमारी चढाओढ थांबली नव्हती. १९२१ च्या ऑक्टोबरांत ब्रिटिश सरकारनें ‘जी ३’ या सांकेतिक नांवाच्या चार बॅटलक्रूझरांची मागणी नोंदविली. प्रत्येकीचें वजन सुमारें ४८,००० टन, तोफा १६ इंची नऊ आणि वेग ताशीं सुमारें ३२ सागरी मैल. पुढच्याच महिन्यांत वॉशिंग्टनची परिषद भरली व काम थांबविण्यांत आलें. ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं झालेल्या तहानें नव्या युद्धनौकेस ३५,००० टनांची मर्यादा घातली आणि ‘जी ३’ चा शेवट झाला. मोठ्या तोफा पुढें एकवटण्याची तिची युक्ति मात्र १९२७ सालीं दाखल झालेल्या ‘नेल्सन’ व ‘रॉडनी’ या नौकांत उतरली.

न बांधलेल्या जहाजाला प्रतिकृतीवांचून दुसरें शरीर नाहीं. परंतु हौदांतील मेणाचा नमुना काम झालें कीं वितळवीत आणि तेंच मेण पुढच्या नमुन्यास वापरीत. उरले ते कागदावरील आराखडे. आज हौशी कारागीर त्यांवरून १/७०० प्रमाणांत ‘जी ३’ घडवितात, तेव्हां २६० मीटर लांबीची ती नौका सुमारें ३७ सेंटिमीटरांत मावते. हें काम अवघड आहे. बांधलेल्या जहाजाचीं छायाचित्रें मिळतात. न बांधलेल्याचीं कोठून मिळणार? रंग कोणता लागला असता, होड्या कोठें टांगल्या असत्या, विमानविरोधी तोफा पुढें किती वाढल्या असत्या, हें तर्कानें ठरवावें लागतें. आराखडा कोठें संपला आणि आपला तर्क कोठें सुरू झाला, हें प्रामाणिक कारागीर सांगून ठेवतो.

सर्वच नौका एका कारणानें रद्द झाल्या नाहींत. अमेरिकेच्या ‘मोंटाना’ वर्गाच्या पांच नौका १९४३ सालीं रद्द झाल्या, त्या शांततेसाठीं नव्हे. चालू युद्धांत इतर जहाजांची, विशेषतः विमानवाहू जहाजांची, निकड अधिक होती म्हणून. ‘जी ३’ ची गोष्ट निराळी. परस्परांविषयीं साशंक असलेल्या राष्ट्रांनीं एकत्र बसून असलीं जहाजें न बांधण्याचें ठरविलें. तो तह १९३६ अखेर संपला आणि तीन वर्षांत युरोपांत पुन्हा महायुद्ध पेटलें, हें खरें. विमानवाहू बनलेलें ‘लेक्झिंग्टन’ १९४२ सालीं प्रवाळ समुद्रांत बुडालें. त्यावरील दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. ‘जी ३’ च्या नांवें मात्र समुद्राच्या तळाशीं कांहींच नाहीं. चढाओढ थांबवितां येते, निदान कांहीं वर्षें तरी थांबवितां येते, याची ती ३७ सेंटिमीटरांची प्रतिकृति साक्ष होय.