बंदूक कोणती, हा दुसरा प्रश्न
(नवी मुंबई येथील सभेतील भाषणाचा मजकूर)



ज्या शहरात आपण बसलो आहोत तिथे खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे राहतात. एखादा दिसला की इथले लोक हौसेने फोटो काढतात. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की आपण रात्ररात्र जागल करतो आणि जनावराची चाहूल लागली की बंदूक आठवते. म्हणून गावोगाव एकच विचारणा होते : छर्‍याची बंदूक घ्यावी की रायफल?

आधी जनावर कोणते ते पाहू. कोल्हा करडू उचलतो हे खरे. पण तो आणि खोकड वर्षभर उंदीर खातात, ते कोणी हिशेबात धरत नाही. ऑस्ट्रेलियात खोकड बाहेरून आणलेले आहे, म्हणून तिथले मेंढपाळ ते रायफलीने मारतात. आपले कोल्हा-खोकड इथलेच. २०२२ च्या दुरुस्तीने ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. पिकाच्या नुकसानीसाठी त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही.

आपले पीक बुडवतात ते रानडुक्कर आणि रोही. १९७२ च्या त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, उभ्या पिकाला धोका असेल तर या दोघांसाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते. २०१५ साली राज्य सरकारने त्यासाठी शासन निर्णयही काढला. परवान्याची बंदूक घरात असली तरी ही परवानगी वेगळी लागते. मेलेले जनावर सरकारजमा होते. मांसाचे वाटे घातले तर आपणच आरोपी.

आता हत्यार. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगते. ती पुरणार नाही असे पटले तर परवाना देणारा अधिकारी किमान २० इंच नळीची, आत पीळ नसलेली दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देऊ शकतो. रायफलीचे नाव तिथे नाही.

आम्हाला यात कायद्याचे शहाणपण दिसते. रायफलीची गोळी चुकली तर मैलभर पलीकडे जाते. आपले रान सपाट, ज्वारी डोक्यावर, आणि पलीकडच्या धुर्‍यावर आपलाच भाऊ जागलीला बसलेला. छर्‍याचा जोर लवकर ओसरतो. पण चाळीस पावलांपलीकडे डुकरावर बार टाकू नये. बारीक छर्‍याने ते मरत नाही, जखमी होऊन अंगावर येते. ज्वारी हलली म्हणून आवाजावर बार टाकायचा नाही. आणि तारेत वीज सोडायची तर मुळीच नाही. त्या तारेने जनावराआधी माणसे मेली आहेत.

पण भावांनो, बंदुकीचा, काडतुसांचा आणि जागरणाचा खर्च कोणी करायचा? जनावर देशाचे, चारा मात्र आमचा! देशाला रानडुक्कर हवे असेल तर त्याच्या चार्‍याचे पैसे देशाने द्यावेत. परवानगी वेळेवर आणि भरपाई बाजारभावाने, ही आपली मागणी आहे. नुकसान झाले की पंचनामा करून घ्या, अर्जाची पोच घ्या, आणि सगळ्या गावाचे अर्ज एकाच दिवशी द्या. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, गावाचा राहत नाही.